मिळकत माझ्या नावावर, लग्न ठरतंय: त्याचा डोळा नेमका कशावर आहे, हे कसं ओळखू?

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुम्ही ३३ वर्षांच्या, एकुलत्या एक. वडील दोन वर्षांपूर्वी गेले. नाशिकमध्ये एक फ्लॅट, दिंडोरी तालुक्यात साडेतीन एकर द्राक्षबाग, थोड्या मुदत ठेवी. घरात तुम्ही आणि आई. एक स्थळ आलंय, मुलगा तुम्हाला आवडलाय, पण दुसऱ्याच भेटीत त्याने ‘सातबारा कोणाच्या नावावर आहे?’ असं विचारलं आणि तेव्हापासून तुमची झोप उडालीय. मावशी म्हणते, ‘सगळं देवस्थानाला देऊन टाकलंय असं खोटंच सांग, पळाला तर पळाला.’ तुम्हाला दोन गोष्टी हव्या आहेत: हेतू ओळखायचा कसा, आणि लग्नाआधी एखादा करार करून घेता येतो का.

मी वकील. मिळकतीचे दस्त आणि कौटुंबिक दावे यांत माझी २६ वर्षं गेली. माणसाच्या मनातलं ओळखण्याची युक्ती मला अजून सापडलेली नाही, आणि ती सापडली आहे असं सांगणाऱ्यावर तुम्हीही विसंबू नका. ज्यांची मिळकत हातची गेली अशा ज्या बायका माझ्याकडे आल्या, त्यांतल्या बहुतेकींच्या घरच्यांनी स्थळाची व्यवस्थित चौकशी केली होती. मिळकत गेली ती लग्नानंतर दोन-तीन वर्षांनी, एखाद्या साध्या दुपारी, एका सहीने. त्यामुळे तुमचा प्रश्न मी जरा फिरवून घेते. उद्या माणूस चुकीचा निघाला, किंवा चांगला माणूसच कर्जात अडकून बिथरला, तर तुमच्या एका सहीने किती जाईल? हे मात्र आज, लग्नाआधी, ठरवता येतं.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या मुलींना मी एक जुना इंग्लिश खटला सांगते, तो तुम्हालाही सांगते. मेरी एलेनॉर बोज ही डरहॅम परगण्यातल्या कोळशाच्या खाणमालकाची एकुलती एक मुलगी. जन्म १७४९चा. ती ११ वर्षांची असताना वडील गेले आणि ती ब्रिटनमधल्या सर्वांत श्रीमंत वारसांपैकी एक झाली. अठराव्या वाढदिवशी तिचं लग्न स्ट्रॅथमोरच्या अर्लशी लागलं. पाच मुलं झाली, आणि १७७६मध्ये नवरा क्षयाने गेला. तेव्हाच्या इंग्लंडात लग्न झालं की बाईची रोकड, दागिने, सामानसुमान नवऱ्याचं होई, आणि जमिनीचं उत्पन्नही त्याच्याच हाती जाई. त्यामुळे श्रीमंत विधवा म्हणजे उघडी तिजोरीच. तिच्याभोवती जी माणसं जमली त्यांत अँड्र्यू रॉबिन्सन स्टोनी नावाचा एक आयरिश लेफ्टनंट होता. त्याची पहिली बायकोही न्यूकॅसलकडची पैसेवाली मुलगी होती, आणि ती तोवर वारली होती.

त्याने काय केलं बघा. लंडनच्या ‘मॉर्निंग पोस्ट’मध्ये मेरीची बदनामी करणारे मजकूर येऊ लागले. त्या मजकुरांमागे स्टोनीचाच हात होता. मग तिच्या अब्रूसाठी म्हणून त्याने त्या पत्राच्या संपादकाला द्वंद्वयुद्धाचं आव्हान दिलं. १३ जानेवारी १७७७ला एका खानावळीत लढत झाली आणि स्टोनी ‘मरणाच्या दारात’ पडला. मरणाऱ्या माणसाची शेवटची इच्छा म्हणून मेरी लग्नाला तयार झाली. चारच दिवसांनी, १७ जानेवारीला, त्याला उचलून चर्चमध्ये नेलं आणि लग्न लागलं. त्यानंतर तो ठणठणीत बरा झाला आणि आणखी ३३ वर्षं जगला. सगळं नाटक होतं.

इथपर्यंतची गोष्ट पुष्कळांना ठाऊक असते. माझ्या कामाची गोष्ट पुढे सुरू होते. मेरी भोळी नव्हती. द्वंद्वाच्या तीन-चार दिवस आधीच तिने गुपचूप एक दस्त केला होता, आणि त्याने तिच्या जमिनींचं उत्पन्न विश्वस्तांकडे, फक्त तिच्या वापरासाठी, ठेवलं होतं. त्या वेळी तिच्या मनात लग्न दुसऱ्याच माणसाशी करायचं होतं. स्टोनीला या कागदाचा पत्ताच नव्हता. म्हणजे तुम्ही आज जो लग्नाआधीचा करार विचारताय, तो तिच्याजवळ होता, आणि चांगल्या कायदेपंडितांनी केलेला होता. लग्नानंतर स्टोनीला हे कळलं. मग मारहाण, कोंडून ठेवणं, तिच्या माणसांना तिच्यापासून तोडणं. १ मे १७७७ला, लग्नाला साडेतीन महिने होताना, त्याने तिच्याकडून तो दस्त रद्द करणाऱ्या कागदावर सही घेतली.

कागद पक्का होता. सही करणारा हात एकटा पडला होता.

फेब्रुवारी १७८५मध्ये ती मोलकरणींच्या मदतीने त्या घरातून पळाली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरात त्याने तिला लंडनच्या ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून भरदिवसा पळवून नेलं, आणि आठ दिवसांनी ती सुटली. त्यासाठी त्याला तीन वर्षांची कैद झाली. मिळकतीच्या दाव्यात ज्युरीने सांगितलं की रद्दपत्रावरची सही धाकाने घेतलेली आहे. स्टोनीचं म्हणणं असं होतं की लग्नाआधी गुपचूप दस्त करून मलाच फसवलं. १७८९मध्ये लॉर्ड चॅन्सेलर, म्हणजे तिथले वरिष्ठ न्यायाधीश, थर्लो यांनी ते फेटाळलं, कारण दस्त झाला तेव्हा स्टोनी नवरदेवाच्या जागी नव्हताच. बारा वर्षांनी तिची मिळकत तिला परत मिळाली, आणि ती मिळवून देण्यात त्या मोलकरणींच्या साक्षींचा वाटा मोठा होता.

दुसरी एक कथा थोडक्यात सांगते. कॅथरीन टिल्नी-लाँग, एसेक्समधल्या वॉनस्टेड हाउसची मालकीण. पुढे राजा झालेल्या ड्यूक ऑफ क्लॅरेन्सला तिने नाकारलं आणि १८१२मध्ये विल्यम वेलस्ली-पोलशी लग्न केलं. (१८०३मध्ये जालन्याजवळ आसईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेल्या वेलस्लीचा हा पुतण्या.) इथे कुणी कोंडलं नाही की द्वंद्वाचं नाटक केलं नाही. नवऱ्याने फक्त कर्ज केलं, आणि करतच राहिला. १८२२च्या जूनमध्ये त्या वाड्यातल्या सामानाचा लिलाव ३२ दिवस चालला. पुढे वाडाही पाडून दगड-लाकूड विकलं गेलं. १८२५मध्ये ती वारली तेव्हा वय अवघं ३५.

आता तुमच्याकडे येते. तुम्ही हिंदू कायद्याखाली येता असं धरून लिहिते. आपल्याकडे लग्नाने मिळकतीची मालकी बदलत नाही. हिंदू वारसा कायदा, १९५६च्या कलम १४प्रमाणे तुमच्या नावावरची मिळकत पूर्णपणे तुमची. दागिने आणि माहेरून आलेल्या वस्तू हे स्त्रीधन, आणि नवरा तिथे फार तर राखणदार. सर्वोच्च न्यायालयाने हे १९८५मध्ये स्पष्ट सांगितलं आणि २०२४मध्ये पुन्हा सांगितलं. त्या २०२४च्या खटल्यात लग्नाच्या पहिल्या रात्रीच ‘सांभाळून ठेवतो’ म्हणून घेतलेलं सोनं होतं, आणि न्यायालयाने बाईला २५ लाख रुपये देववले. म्हणजे मेरीला ज्या कागदाची गरज पडली, तो तुम्हाला कायद्यानेच दिलेला आहे. तिच्यावर १ मेला जी वेळ आली, त्या वेळेपासून मात्र कुठलाच कायदा आधीच वाचवू शकत नाही.

लग्नाआधीच्या कराराबद्दल तुमचा थेट प्रश्न आहे. महाराष्ट्रात हिंदू विवाहात असा करार न्यायालयात टिकेल या भरवशावर राहू नका. करार कायद्याच्या कलम २३खाली, सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून तो अडतो. गोव्यात चित्र वेगळं आहे. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या कायद्याने, आधी करार केला नसेल तर, लग्नानंतर दोघांची मिळकत सामाईक होते, अर्धी-अर्धी. म्हणून तिथे लग्नाआधी नोटरीसमोर करार करून ‘ज्याचं त्याचं वेगळं’ असं ठरवता येतं, आणि लग्नानंतर ते बदलता येत नाही. शेवटची ही अट मला फार मोलाची वाटते. मेरीच्या दस्ताला ती असती तर १ मेच्या सहीला काही किंमत उरली नसती. मुलगा मूळचा गोव्याचा असेल तर मात्र लग्नाआधीच तिथल्या वकिलाला भेटा. हा मुद्दा लग्नानंतर काढून उपयोग नाही.

आता सह्या. माझ्या अनुभवात मिळकत चार कागदांवर जाते.

सर्वांत जास्त वेळा जाते ती कर्जाच्या कागदावर. एक बाई आठवतात. दुपारी अडीचला आल्या, हातात बँकेची फाइल. प्रत्येक पानावर सहीच्या जागी पेन्सिलीने बारीक फुली मारलेली, ४० च्या वर पानं. खाली नवरा गाडी चालू ठेवून उभा होता. ‘मॅडम, नुसतं बघून घ्या, पाच मिनिटांत सही करून द्यायचीय, ते फक्त जामीनदार म्हणून आहे.’ मी पानं उलटली. त्या जामीनदार नव्हत्याच, सहकर्जदार होत्या, आणि शेवटच्या परिशिष्टात त्यांच्या वडिलांनी दिलेला फ्लॅट तारण म्हणून लिहिलेला होता. नवऱ्याचा डोळा मिळकतीवर होता असं मी आजही म्हणणार नाही. त्याचा धंदा बुडत होता आणि त्याला खरंच वाटत होतं की सहा महिन्यांत सावरेल. पण कर्ज थकलं तर २००२च्या सरफेसी कायद्याने बँक कोर्टात दावा न लावताही तारण घर ताब्यात घेऊ शकते. कॅथरीनचा वाडा असाच नवऱ्याच्या कर्जापायी गेला, आणि आज आपल्याकडे बायकांची घरं बहुतेक वेळा याच वाटेने जातात. त्या बाईंनी त्या दिवशी सही केली नाही. नवरा महिनाभर बोलला नाही. ते लग्न टिकलं.

दुसरा कागद बक्षीसपत्र. महाराष्ट्रात राहतं घर किंवा शेतजमीन नवऱ्याला बक्षीस द्यायला मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये लागतं, अधिभार वेगळा. सवलत चांगल्या हेतूने दिलेली आहे, पण इतक्या स्वस्तात आणि इतक्या पक्केपणाने दुसरं काही होत नाही. नोंदणी झालेलं बक्षीसपत्र मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. धाकाने किंवा दबावाने घेतलं म्हणून रद्द करून मागता येतं, पण ते सिद्ध तुम्हाला करावं लागतं, आणि मुदत साधारण तीन वर्षांची. मेरी आठ वर्षं त्या घरात होती. आज कुणी आठ वर्षांनी माझ्याकडे आली तर मला आधी मुदतीशीच झगडावं लागेल.

तिसरा कुलमुखत्यारपत्र, म्हणजे तुमच्या वतीने व्यवहार आणि सह्या करण्याचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. ‘तलाठ्याकडे, सोसायटीत तुला कशाला हेलपाटे’ म्हणून ते मागतात. द्यायचंच असेल तर एका कामापुरतं द्या, आणि विक्री, गहाण, बक्षीस हे शब्द त्यात नसावेत. चौथी गोष्ट मुदत ठेवींची. संयुक्त खात्याला ‘दोघांपैकी कोणीही’ अशी सूचना असेल तर एकटा माणूस पैसे काढू शकतो. घरखर्चाचं खातं जरूर एकत्र ठेवा. वडिलांच्या ठेवी तुमच्या एकटीच्या नावावर राहू द्या.

आता तुमच्या प्रकरणात एक गोष्ट आहे, जी तुम्ही लिहिली नाहीत आणि बहुधा तपासलीही नाहीत. वडील मृत्युपत्र न करता गेले असतील, आणि तेव्हा त्यांची आई हयात नसेल, तर आई आणि तुम्ही दोघी समान वारस आहात. म्हणजे बाग आणि फ्लॅट अर्धा आईचा. लग्नाच्या गडबडीत ‘सगळं मुलीच्याच नावावर करून टाकू’ म्हणत आईकडून हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र करून घेतात, आणि ते प्रेमानेच करतात. माझं म्हणणं, करू नका. आईचा अर्धा हिस्सा आईच्या नावावर असणं ही तुमच्याजवळची सर्वांत साधी आणि भक्कम तटबंदी आहे. अख्खी बाग एका सहीने जाणार नाही, दोन लागतील, आणि दुसरी सही करणारी बाई त्या घरात राहत नसेल. मेरीच्या जवळ अशी दुसरी सही नव्हती.

याला आणखी एक कारण आहे. वडिलांकडून किंवा आईकडून वारसाने आलेली मिळकत, बाई निपुत्रिक आणि मृत्युपत्र न करता गेली, तर वडिलांच्या वारसांकडे परत जाते. नवऱ्याकडे जात नाही. हे त्याच हिंदू वारसा कायद्याच्या कलम १५(२)मध्ये आहे. पण तीच मिळकत बक्षीसपत्राने आली असेल तर ती ‘वारसाने आलेली’ धरली जात नाही आणि नवरा, त्याच्यामागे त्याचे वारस, पुढे येतात. मूल असेल तर दोन्ही प्रकारांत मूल आणि नवरा यांच्यात वाटणी होते. तुम्हाला जे व्हावंसं वाटतं ते तुमच्या मृत्युपत्रात लिहा. ३३व्या वर्षी मृत्युपत्र करणं अशुभ नाही. ते कधीही बदलता येतं, आणि त्याची नोंदणी सक्तीची नसली तरी मी ती करूनच घेते.

हेतूबद्दल काहीच सांगितलं नाही असं नको. ‘सातबारा कोणाच्या नावावर’ या प्रश्नाने मी घाबरले नसते. शेतकरी घरात हा प्रश्न ‘चहा घेणार का’ इतक्या सहज निघतो, आणि नाशिककडे बागेवर कर्ज आहे का हे विचारणारा माणूस कधीकधी स्वतः कर्जाने पोळलेला असतो. बरंचसं त्याच्या घरच्या परिस्थितीवर आहे. त्याला भाऊ किती, कर्ज किती, स्वतःचं उत्पन्न काय, हे मला माहीत नाही, म्हणून त्याच्याबद्दल मी मत देत नाही. मावशीची खोटं बोलायची युक्ती मला पटत नाही. नातं खोट्याने सुरू झालं की पुढे तुमचा खरा शब्दही कुणी धरत नाही. शिवाय खरा डाव टाकणारा पळत नाही, तो शांतपणे ऑनलाइन सातबारा काढून बघतो.

मी मात्र एक गोष्ट आवर्जून बघते. तुमच्या माणसांशी तो कसा वागतो. स्टोनीने पहिलं काम काय केलं? मेरीचे लोक दूर केले. आमच्याकडच्या फाइलींत हेच पुन्हा पुन्हा दिसतं. आधी मावशी ‘कान भरते’, मग मैत्रीण ‘चांगल्या वळणाची नाही’, मग आईचा फोन ‘रोज कशाला’, आणि मग फुल्या मारलेली फाइल. ही ओळ साखरपुड्याच्या आधीच सुरू झाली तर थांबा. आणि घाई. बापाचं आजारपण, मुहूर्त, परदेशातली नोकरी, कारण काहीही असो, ‘याच आठवड्यात’ असं कागदाबद्दल कुणी म्हणालं की माझा हात थांबतो.

खोट्याऐवजी खरं बोलून बघा. पुढच्या भेटीत त्याला सरळ सांगा: बाग आणि फ्लॅट मी आणि आई दोघींच्या नावावर आहे आणि तसाच राहणार, तुझ्या कर्जाला तो तारण लागणार नाही, आणि तुझ्या घरावर मी हक्क सांगणार नाही. मग ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्या एका अशिलाने हेच वाक्य नेमकं माझ्या ऑफिसात बसून म्हटलं. मुलगा थोडा गप्प झाला, कानशिलं लाल झाली. दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला. हातात तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, सिबिलचा, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींचा, अहवाल आणि भावाच्या नावाने घेतलेल्या ट्रॅक्टर कर्जाचा कागद. म्हणाला, ‘हिचं सगळं समोर आलं, माझंही समोर असू दे.’ अशी माणसं असतात. मी पाहिली आहेत.

आणि लग्नानंतर वाईट झालंच, तर मेरीसारखी बारा वर्षं थांबायची गरज नाही. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात आर्थिक छळही हिंसाच धरला आहे, आणि तुमची मिळकत किंवा स्त्रीधन नवऱ्याने परस्पर विकू नये असा मनाई आदेश मॅजिस्ट्रेटकडून मागता येतो. लवकर जायचं असतं, एवढंच.

या आठवड्यात तुम्ही तीन गोष्टी करा. डिजिटल स्वाक्षरीचा ताजा सातबारा काढा आणि वडिलांनंतरच्या वारस नोंदीचा फेरफार बघा, त्यात आईचं नाव लागलंय का. फ्लॅटचा इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी झालेल्या दस्ताचा उतारा, काढा आणि सोसायटीत वडिलांनी नॉमिनी म्हणून कुणाला लावलं होतं ते विचारा. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, पण नोंद जुनी असेल तर गोंधळ होतो. आणि आईला स्पष्ट विचारा, दोन वर्षांत तिने कुठल्या कागदावर अंगठा किंवा सही दिली आहे का. फेरफारात आईच्या हक्कसोडीची नोंद दिसली तर साखरपुड्याची तारीख ठरवायच्या आधी मला लिहा. त्याच्यावर आधी बोलावं लागेल.